आधीच सांगितलेलं बरं

आमचा भाचा स्वतः बनवलेलं ॲप स्वतःच्या बोटानं कधी उघडत नाही. ॲपचं चित्र फोनवर समोर दिसत असतं, बोट मोकळं असतं, पण तो आधी फोनला पांढरी वायर लावतो, तिचं दुसरं टोक लॅपटॉपात खुपसतो, लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडतो आणि तीत ओळभर काहीतरी बडवतो. मग फोनवरचं ॲप आपलं आपण उघडतं. अक्कानं, म्हणजे त्याच्या आईनं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं की पोराच्या बोटाला काही लागलंय. ती हळद घेऊन आली. सेनगावात हळद शोधायला लांब जावं लागत नाही.

पुण्याला हिंजवडीत तो काही वर्षं होता. २०२० च्या टाळेबंदीत एक बॅग आणि एक लॅपटॉप घेऊन ‘पंधरा दिवसांसाठी’ घरी आला, आणि ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. वरच्या खोलीत एका भिंतीला सोयाबीनची पोती आणि दुसऱ्या भिंतीला तो, अशी वाटणी आहे. भाव आला की पोती जातात. हा हलत नाही. पुण्याच्या लोकांची कामं करतो आणि उरलेल्या वेळात स्वतःचं एक ॲप बनवतो. शेतकऱ्यानं आडतीवर हळद नाहीतर सोयाबीन घातलं की हमाली, तोलाई, आधीची उचल वजा जाता हातात नेमकं काय पडणार, याचा हिशोब. गावात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. ‘ॲपवाला’ म्हणतात. २०२१ च्या १५ ऑगस्टला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली तेव्हापासून तर बांधावर रेंज मिळाली नाही की माणूस सरळ याच्या दारात येतो. ‘काका, ते ॲप माझं नाही’ असं म्हणत म्हणत हा त्याचा फोटो चढवून देतो.

वायरीचं कारण त्यानं मला एकदा समजावून सांगितलं. “मामा, हिशोबाच्या पानापर्यंत पोचायला किती दारं आहेत बघा. आधी भाषा. मग मोबाइल नंबर. मग ओटीपी. मग लोकेशनची परवानगी. मग जिल्हा, तालुका, गाव. मग पीक. मग कुठं हिशोब. आणि मला त्या हिशोबाच्या पानावरचं एक बटण जरासं डावीकडं सरकवून बघायचंय. ते सरकवलं, बघितलं, परत सरकवलं. दर वेळेला ओटीपी मागवत बसू?”

म्हणून तो ॲप उठवतानाच त्याच्या कानात सगळं सांगून टाकतो. लॉगिन विचारू नकोस. थेट हिशोबाच्या पानावर जा. खऱ्या सर्व्हरला हात लावू नकोस, खोटा माल घे. आज मार्चअखेर आहे असं समज. ती ओळ लिहिताना तो तोंडानंही म्हणतो, त्यामुळे खालच्या ओसरीवर ऐकू येत राहतं: “एडीबी शेल, एएम स्टार्ट... डॅश डॅश ईएस, पान, हिशोब... डॅश डॅश ईआय, महिना, तीन... डॅश डॅश ईझेड, लॉगिनवगळा, ट्रू.” ईएस म्हणजे पुढं अक्षरं येणार, ईआय म्हणजे आकडा येणार आणि ईझेड म्हणजे खरं की खोटं ते येणार. खऱ्याखोट्याला झेड काहून, असं दाजींनी एकदा जेवताना विचारलं. घास तसाच हातात धरून त्यानं सांगितलं की ‘बुलियन’ला खरं तर बी मिळायला हवा होता, पण जावामध्ये तो ‘बाइट’नं आधीच घेतला होता. दाजी म्हणाले, “मग झेड रिकामा पडला होता म्हण की.” भाकरी गार झाली, पण प्रश्न विचारल्याबद्दल त्याला वडिलांचा एवढा अभिमान वाटला की संध्याकाळी त्यानं दाजींसाठी जिलेबी आणली.

एवढ्यावर थांबला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. पण ज्याला एकदा सुरू होण्याआधी सांगायची सवय लागली त्याची ती सवय ॲपपुरती राहत नाही. टपरीवर हा पाय ठेवायच्या आत म्हणतो, “साखर कमी, आलं जास्त, कप काचेचा, पैसे संध्याकाळी.” न्हाव्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी उभ्या उभ्या: “मान डावीकडं वळत नाही, मिशीला हात नाही, राजकारण नाही.” बसमध्ये कंडक्टरला: “हिंगोली एक, सुटे आहेत, झोप लागली तर नर्सीला उठवू नका.” फोनवर तर ‘हॅलो’ नाहीच. “मामा, बॅटरी सहा टक्के आहे, मी जिन्यात आहे, तुम्ही घरी आहात का एवढंच सांगा.” मी घरी आहे हे सांगेपर्यंत फोन बंद पडतो आणि पाचव्या मिनिटाला तो स्वतःच दारात उभा राहतो. याच्या तोंडी एक वाक्य कायम असतं: “आधीच सांगितलेलं बरं.”

टपरीवाल्यानं एकदा वैतागून म्हटलं, “रोज तेच सांगायलास. पाठ झालंय मला आता.” त्यावर हा अतिशय आदरानं म्हणाला, “तुम्हाला पाठ असेल हो, पण मागच्या वेळचं गृहीत धरायचं नसतं.” हे त्याचं तत्त्वज्ञान आहे आणि ते त्यानं आयफोनकडून उचललं आहे. पुण्याच्या एका कामासाठी त्याच्याकडे मॅक आलेला आहे. त्यात एक्सकोड नावाच्या प्रकारात अशा सूचनांची यादीच करून ठेवता येते आणि प्रत्येकीपुढं टिचकी मारायचा चौकोन असतो. हवी तिला टिचकी, नको तिची काढायची. मराठीत उघड म्हटलं की फोन इंग्रजीत असला तरी ॲप मराठीत उघडतं. त्याला आवडते ती पुढची गोष्ट. अशी सूचना त्या एका धावेत इतर सगळ्या जतन केलेल्या आवडीनिवडींच्या वर बसते, आणि ॲप बंद झालं की तिचा मागमूस राहत नाही. कुठं लिहूनही ठेवली जात नाही. “ऐकलं, पाळलं, विसरलं,” तो म्हणतो, आणि मग खालच्या आवाजात, “नाहीतर आमच्या काकू. २०१६ सालच्या लग्नातलं अजून काढतात.”

या माणसाचा दुसरा विशेष म्हणजे दुसऱ्यांचे फोन. “मामा, जरा दोन मिनिटं फोन द्या” असं तो म्हणाला की समजावं, आपला फोन आता संध्याकाळी मिळणार. त्याच्या स्वतःच्या फोनवर सगळं नीट चालतं, आणि नीट चालणाऱ्या फोनचा त्याला काही उपयोग नसतो. त्याला काच फुटलेले, मेमरी भरलेले, ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांनी गुदमरलेले फोन लागतात. ते वायरीला जोडायचे तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये खोल जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट मारावं लागतं. सातव्या टिचकीला फोन जाहीर करतो की आता तुम्ही डेव्हलपर झालात. या मार्गानं मी, अक्का, दाजी, शेजारचे किराणावाले आणि मंदिराचे पुजारी असे सगळे डेव्हलपर आहोत. हिंजवडीला कळलं तर भाडी उतरतील.

माझा फोन त्याला विशेष प्रिय आहे, कारण तो मराठीत आहे. मास्तरकी केलेला माणूस, फोन इंग्रजीत कशाला ठेवीन? त्याचं ॲप त्याच्या फोनवर ठणठणीत आणि माझ्या फोनवर मात्र हिशोब पाठवला की सर्व्हर परत फेकून द्यायचा. दोन दिवस तो माझा फोन घेऊन पोत्यांवर आडवा पडला होता. शेवटी सापडलं. फोन मराठीत असला की अँड्रॉइड आकडेही देवनागरीत काढतं, आणि मराठीला तेच रीतसर आहे. पडद्यावर ‘१२,३००’ सुरेख दिसत होतं, पण तेच अक्षर न अक्षर सर्व्हरकडं जात होतं, आणि त्या बिचाऱ्या सर्व्हरला एक ते नऊ फक्त इंग्रजीत येत होते. दाखवायचे आकडे मराठीत आणि पाठवायचे आकडे कायम इंग्रजीत, अशी फारकत त्यानं केली. वर मला म्हणाला, “मामा, तुमच्यामुळं सापडलं. भाषा बदलू नका हं कधी.” आयुष्यभर मराठी शिकवून एवढं कौतुक मला कोणी केलं नव्हतं.

दाजींशी त्याचं जमतं आणि जमत नाही. दाजी सकाळी पेपर वाचत असताना हा येऊन काहीतरी सांगतो. दाजी ‘हं’ म्हणतात. दुपारी दाजींना त्यातलं काही आठवत नसतं. याचं निदान भाच्याकडे तयार आहे. ॲप आधीच चालू असेल आणि आपण त्याला पुन्हा नव्या सूचना देऊन सुरू करायला गेलो, तर त्या सूचना सुरुवातीला पोचतच नाहीत. काळ्या खिडकीत इशारा येतो की नवं काही सुरू केलं नाही, चालू होतं तेच पुढं आणलं. म्हणून तो ओळीत एक मोठा एस घालतो. त्याचा अर्थ, आधी पूर्ण बंद कर, मग सुरू कर. एका सकाळी त्यानं हाच उपाय घरात करून पाहिला. दाजींच्या हातातला पेपर काढून घेतला, घडी केली, बाजूला ठेवला आणि म्हणाला, “बाबा, आता ऐका.” दाजींनी ऐकलं नाही, बोलले. बराच वेळ बोलले. त्यात वरची खोली, लाइटबिल, पुण्याचं सोडलेलं घर, सोयाबीनचा पडलेला भाव आणि तिशी उलटलेला मुलगा एवढे विषय येऊन गेले. मोठा एस त्यानं पुन्हा घरात वापरलेला नाही.

सूचनांना नावं देण्यात मात्र त्याचा हात कोणी धरणार नाही. एका दोनशेपानी वहीत त्यानं ती लिहून ठेवली आहेत. ‘नेटगेलं’ म्हटलं की इंटरनेट नसताना ॲप कसं वागतं ते दिसतं. ‘लांबनाव’ म्हटलं की शेतकऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गावाचं नाव मिळून दोन ओळींत मावतं का ते कळतं. आणि यादीत एकही नोंद नसेल तर पान कसं दिसेल, त्यासाठी नाव होतं ‘दुष्काळ’. वही एकदा दाजींच्या हाती लागली. पानोपान ‘दुष्काळ = खरं’, ‘दुष्काळ = खरं’. ऐन मृगात. दाजी कोरडवाहू शेतकरी आहेत; त्यांनी वही मिटली आणि हाक मारली. “काहून लिहायलास रे हे? पाऊस तोंडावर आलाय.” यानं समजावून पाहिलं, पण काही गोष्टी सेनगावात समजावून सांगता येत नाहीत आणि सांगूही नयेत. शेवटी तडजोड झाली. ‘दुष्काळ’ खोडून ‘सुकाळ’ लिहायचं. रिकामी यादी हवी असेल तर ‘सुकाळ = खोटं’.

दाजी समाधानानं झोपले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आम्हा सर्व डेव्हलपरांच्या फोनवर ॲप उघडलं आणि सगळ्यांच्या नोंदी गायब. किराणावाले घाबरून धावत आले. झालं होतं असं की सूचना दिलीच नाही तर काय समजायचं, हेही आधी ठरवून ठेवावं लागतं. आणि यानं सगळीकडं सवयीनं ‘खोटं’ लिहून ठेवलं होतं. आम्ही साधी माणसं ॲप बोटानं उघडतो, सूचना देत नाही. सुकाळाबद्दल कोणी काही बोललं नाही, म्हणजे सुकाळ खोटा. अख्ख्या गल्लीत दुष्काळ पडला. दाजींना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बघ, म्या म्हणलं नव्हतं?”

या असल्या गोष्टी त्याला जिथं तिथं दिसतात. गेल्या श्रावणात अक्काकडे सत्यनारायण होता. गुरुजींना तीन ठिकाणी जायचं असल्यानं पूजा मोबाइलवरच्या आवाजावर चालली होती. संकल्प सुरू झाला: शक, संवत्सर, मास, तिथी, गोत्र, आणि गोदावरीचा दक्षिण तीर. हा पाटावर बसल्या बसल्या ताठ झाला. “दक्षिण? मामा, गोदावरी नांदेडला. आपण तिच्या उत्तरेला.” रेकॉर्डिंग पुण्याकडचं असणार, तिकडं दक्षिणच बरोबर. “हार्डकोड केलंय यांनी!” त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो प्रसादाच्या वेळीसुद्धा नव्हता. मग त्यानं मला शिऱ्याच्या वाटीसमोर बसवून पटवून दिलं की संकल्प म्हणजे दुसरं काही नाही. काम सुरू करण्याआधी कुठं, कधी, कोण, कशासाठी हे सांगून टाकणं. सी भाषेच्या १९७८ च्या पुस्तकातसुद्धा प्रोग्रॅम सुरू करताना त्याला बाहेरून शब्द कसे द्यायचे ते आहे म्हणाला. मी म्हटलं, “संकल्प त्याच्या जरा आधीचा असेल.” त्यानं ते खुल्या मनानं मान्य केलं आणि रेकॉर्डिंगमध्ये तीर निवडायची सोय हवी, असं वहीत टिपून ठेवलं.

त्याच्या आयुष्यातला मोठा प्रसंग मात्र मोंढ्यात घडला. एका आडतदारानं ॲप दाखवायला बोलावलं होतं. मी सोबत, कारण फोन माझा. गादीवर लॅपटॉप, वायर, फोन अशी मांडणी झाली. यानं ओठांतल्या ओठांत ओळ म्हटली आणि फोनवर हिशोबाचं पान झळकलं. कांडी वेगळी, गट्टू वेगळा, हमाली, तोलाई, सगळं ठाकठीक. आडतदारांनी चष्मा पुसला. पहिल्याच नोंदीवर त्यांचं बोट थांबलं. शेतकऱ्याचं नाव ‘अबक पाटील’, हळद नऊ हजार नऊशे नव्याण्णव क्विंटल.

“हा कोण पाटील?” त्यांचा आवाज बदलला. “कुठला? एवढा माल कोणाकडं घालतो हा?”

“तो खोटा आहे,” भाचा म्हणाला.

“खोटा आहे तर मग त्याला आपल्याकडं आणायचाच नाही,” असं म्हणून त्यांनी फोन उचलला. उचलताना वायर सुटली. पान मागं गेलं. मग कुठलाही माणूस करील तेच त्यांनी केलं. ॲपच्या चित्रावर बोट ठेवलं.

चित्रावर बोट ठेवून उघडलेल्या ॲपला कोणी काही सांगितलेलं नसतं. ते आपल्या मूळ स्वभावानुसार उघडलं आणि त्यानं विचारलं, भाषा कोणती. मग मोबाइल नंबर. मग ओटीपी, आणि मोंढ्याच्या त्या पत्र्याखाली ओटीपी येणं शक्यच नव्हतं. आडतदार फोन उंच धरून गादीवर उभे राहिले, मग काट्याजवळ गेले, मग हमालाला फोन देऊन रस्त्यावर पाठवलं. “मघाशी तर असं काही विचारत नव्हतं,” ते परत परत म्हणत होते. “मघाचंच लावा ना. मला तेच पाहिजे. हे विचारपूस करणारं नको.”

इथं मला आमच्या भाच्याबद्दल जे वाटतं ते वाटलं. समोर पहिलं गिऱ्हाईक बसलेलं, चहा आलेला, आणि हा मान हलवतो आहे. “ते फक्त माझ्या वायरीपुरतं आहे, काका. लोकांना देताना मी ते काढून टाकतो.” का, तर लॉगिन वगळायची ती पळवाट तशीच राहिली तर फोनमधलं दुसरं एखादं लबाड ॲपही तीच ओळ म्हणून आत शिरेल आणि कोणाचाही हिशोब वाचेल. ॲप लोकांना द्यायच्या आदल्या रात्री तो वही घेऊन बसतो आणि एकेक सूचना बाहेरच्या प्रतीत खरंच बहिरी झाली की नाही ते तपासतो. ओसरीवर ऐकू येतं: “लॉगिनवगळा... नाही ऐकत. सुकाळ... नाही ऐकत.” त्या रात्री तो जेवायला खाली येत नाही, अक्का ताट वर नेऊन देते. आडतदारांनी ॲप घेतलं नाही. अबक पाटलाची चौकशी मात्र ते अजून करतात.

आता त्याचं लग्न ठरलं आहे. हेही त्याच्याच पद्धतीनं झालं. मुलगी रिसोडची, औषधाचं दुकान सांभाळते. पोहे यायच्या आत यानं सांगायला सुरुवात केली: पगार महिन्याला सारखा येत नाही, जमीन कोरडवाहू आहे, राहायचं पोत्यांसोबत, रात्री वायर लावून बोलत बसतो, लोकांचे फोन घरी येतात. अक्कानं डोळे मिटून घेतले. मुलीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हे सुरुवातीचं झालं. मधेच काही सांगावंसं वाटलं तर? चालू असताना सांगितलेलं ऐकता का तुम्ही?”

आमच्या पाहण्यात हा माणूस पहिल्यांदाच गप्प बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “त्याची सोय वेगळी लिहावी लागते. पण लिहिता येते.”

“मग लिहा,” ती म्हणाली, आणि पोह्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली.

पत्रिका अजून छापून आलेली नाही. व्हॉट्सॲपवर सूचना आलेल्या आहेत: पंगत बरोबर बाराला, आहेर नको, भाषण नको, काकूंनी २०१६ चा विषय काढू नये, मामांनी फोन पूर्ण चार्ज करून आणावा. खाली नव्या नवरीकडची एक ओळ आहे, की यात ऐनवेळी बदल होऊ शकतो.